साहसाची शाळा आणि सोबतीचा धर्म

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत एक प्रश्न डोके वर काढतो. मुलांच्या सुटीचे काय करावे? पूर्वी त्याचे उत्तर सोपे होते. मुले आजोळी जात, आंबे-फणस खात, मामाच्या पाठीला धरून विहिरीत पोहायला शिकत आणि जूनमध्ये उन्हाने रापून परत येत. आता पुष्कळांच्या आजोळचे घर बंद असते आणि मामा मुंबईला किंवा आखातात नोकरीला असतो. विहिरीवर जाळी बसली आहे. जे शिक्षण पूर्वी फुकट आणि नकळत मिळे, ते देण्यासाठी आता साहस-शिबिरे भरतात आणि त्यांची माहितीपत्रके घरोघरी पोहोचतात.

एक उदाहरण घेऊ. मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि दहा दिवसांच्या शिबिराला जायचे म्हणतो. कड्यावरून दोराने उतरणे, नदी ओलांडणे, रानात तंबू ठोकून रात्र काढणे, असा एकंदर कार्यक्रम आहे. वडील म्हणतात, "जाऊ दे, जरा घट्ट होईल." आई म्हणते, "नको." शेवटी तिचा धाकटा भाऊ मध्ये पडतो : "ताई, मीही नाव घालतो. मी आहे ना त्याच्याबरोबर!" आई गप्प होते, पण तिचे समाधान झालेले नसते. अशा माता मग आम्हां धर्मगुरूंकडे येतात आणि विचारतात, "फादर, देवाने दिलेल्या लेकराला आपणहून धोक्यात पाठवायचे, हे पाप नव्हे काय? आणि काही झाले तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला दोन सोपी उत्तरे आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. मुलाला जपणे हेच आईबापांचे पहिले आणि शेवटचे कर्तव्य, हे एक उत्तर. धोक्यावाचून मुलगा मर्द होत नाही, हे दुसरे. पहिल्यात प्रेम आहे पण विश्वास नाही. दुसऱ्यात विश्वासाचा आव आहे पण विचार नाही. या दोहोंमधून वाट काढता येते का, ते पाहू.

मिरकरवाड्याची शिकवण

या प्रश्नाचा विचार करताना आमचे लक्ष रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे जाते. रत्नदुर्गाच्या छायेत वसलेले हे कोकणातील एक मोठे मासेमारी बंदर. पहाटे धक्क्यावर नौका लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलावाची हाकाटी होते. येथील हिंदू आणि मुसलमान दर्यावर्दी कुटुंबांतील मुलगा साहस-शिबिराला जात नाही. बापाचा, चुलत्याचा किंवा मामाचा हात धरून तो नौकेवर पहिले पाऊल ठेवतो. लहान मुलांना कामाला जुंपणे आम्हांला मान्य नाही आणि गरिबीचे गोडवे गाण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु त्या नौकेवर शिक्षणाची जी रीत आहे, ती डोळसपणे पाहण्यासारखी आहे.

तेथे मुलाला धाडस शिकविले जात नाही. शिकविले जाते ते समुद्राला ओळखणे. वाऱ्याने दिशा कधी बदलली, पाण्याचा रंग का पालटला, ढग कोणत्या बाजूने चढत आहेत, हे तांडेल बोलून दाखवीत नाही. मुलाने ते त्याच्या डोळ्यांत वाचायचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचा धडा असतो तो न जाण्याचा. जून आणि जुलै हे दोन महिने आपल्या राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि बाहेर समुद्र खवळलेला असतो. त्या वेळी धक्क्यावर स्वस्थ बसणाऱ्या दर्यावर्द्याला कोणी भित्रा म्हणत नाही. जो तांडेल वादळाची चाहूल लागताच रिकाम्या जाळ्यानिशी मागे फिरतो, त्याच्याच नौकेवर बाया आपली मुले निर्धास्तपणे पाठवितात. धोक्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे, तो धोक्याची हौस करीत नाही.

या बंदरात आणखी एक दृश्य दिसते आणि ते आम्हांला अस्वस्थ करते. येथील नौकांवर नेपाळातून आलेले अनेक तरुण खलाशी म्हणून काम करतात. ज्या हिमालयाच्या वाटा तुडविण्यासाठी आपल्याकडील सुखवस्तू घरांतील मुले पैसे भरून जातात, त्याच हिमालयाच्या कुशीतील पोरे पोटासाठी कोकणच्या समुद्रावर येतात. एकाचा धोका हौसेचा असतो, तर दुसऱ्याचा नाइलाजाचा. येथेच आपल्या प्रश्नाची खरी गाठ आहे. खलाशाने पत्करलेल्या संकटाला कारण आहे : घरी चूल पेटायची आहे. शिबिरातल्या मुलाने पत्करलेल्या संकटाला कारण कोणते? कड्याच्या तळाशी त्याची कोणी वाट पाहत नाही. वर चढण्याचा मार्ग असतानाही तो दोराने खाली उतरतो, तो कशासाठी?

धैर्य आणि देवाची परीक्षा

संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा विचार करताना दोन गोष्टी मांडल्या आहेत. भय आणि उद्दामपणा या दोन टोकांना आवरून धरणारा सद्गुण म्हणजे धैर्य, ही पहिली. पुष्कळांना ठाऊक नसलेली दुसरी गोष्ट अशी, की धैर्याचे मुख्य कार्य झेप घेणे हे नसून टिकून राहणे हे आहे. संकटावर तुटून पडणाऱ्यापेक्षा संकटात पाय रोवून उभे राहणाऱ्याला अधिक धैर्य लागते. शिवाय धैर्य हे एकट्याने चालत नाही. विवेक त्याला वाट दाखवितो आणि न्याय त्याला हेतू देतो. हेतू चांगला नसेल तर कितीही मोठा धोका पत्करला तरी त्याला धैर्य म्हणता येत नाही.

शुभवर्तमानात याचे उदाहरण आहे. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सांगतो. देवदूत तुला झेलतील असे आश्वासनही देतो. प्रभू नकार देतो. देवाची परीक्षा पाहू नये, असे धर्मशास्त्राचे वचन तो सैतानापुढे ठेवतो. ज्या प्रभूने पुढे गेथसेमनी बागेत मरणाचा प्याला नाकारला नाही, त्यानेच येथे एक उडी नाकारली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. क्रूसाला हेतू होता. उडीला केवळ प्रेक्षक होते. आजचे कित्येक तरुण पुळणीवर, धबधब्यावर, कड्याच्या काठावर स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी जीव धोक्यात घालतात, तेव्हा ते त्या मंदिराच्या शिखरावरच उभे असतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडाले, ते तर कसलेही साहस करायला निघाले नव्हते. पाण्याची ओळख नव्हती, एवढेच. वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर, समुद्रावर किंवा आकाशात स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. हौसेच्या अनेक साहसांनाही हे लागू पडावे.

मग सगळीच साहस-शिबिरे त्याज्य ठरतात का? आम्हांला तसे वाटत नाही. आईबाप हे मुलांचे मालक नव्हेत, विश्वस्त आहेत. विश्वस्ताने ठेव उधळू नये हे खरे. पण ती जमिनीत पुरूनही ठेवू नये. मत्तयच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या दासाने आपल्याला मिळालेले धन भीतीपोटी पुरून ठेवले आणि धनी परतल्यावर ते जसेच्या तसे त्याच्या हाती दिले. एक पैही कमी झाली नव्हती, तरी त्याला शाबासकी मिळाली नाही. जे मूल अठराव्या वर्षापर्यंत एकदाही घाबरले नाही, कधी उपाशी राहिले नाही, कधी स्वतःच्या निर्णयावर अवलंबून राहिले नाही, ते आईबापांनी तसेच परत केलेले धन होय.

साहस-शिक्षणाच्या आधुनिक चळवळीचा उगमही हौसेत नाही. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजे बुडविली जात होती. अशा वेळी लाइफबोटींत तरुण, धडधाकट खलाशी आधी दगावतात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क खलाशी तग धरतात, असे लॉरेन्स होल्ट या जहाज-व्यावसायिकाच्या ध्यानात आले. शरीराची ताकद तरुणांकडे अधिक होती. कमी होता तो अनुभव आणि आपण टिकू शकतो हा विश्वास. होल्ट आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी शाळा काढली आणि तिला 'आउटवर्ड बाउंड' असे नाव दिले. बंदर सोडून समुद्राकडे निघालेल्या जहाजाला दर्यावर्दी लोक हे शब्द वापरतात. मिरकरवाड्याचा मुलगा जे नौकेवर शिकतो, तेच शहरातील मुलाला बेताच्या, राखलेल्या धोक्यात शिकविण्याचा तो प्रयत्न होता. संत थॉमस यांनी सांगितलेले टिकून राहणे ते हेच. शिबिरातल्या धोक्याला हेतू असू शकतो, तो हा : उद्या जे संकट न विचारता येणार आहे, त्याची आज केलेली तयारी.

तयारी कोणासाठी?

तरीही एक प्रश्न उरतो. ही तयारी कोणासाठी? केवळ स्वतः तगून राहण्यासाठी असेल, तर ती ख्रिस्ती दृष्टीने अर्धीच आहे.

पोप अकरावे पायस हे तरुणपणी गिर्यारोहक होते. १८८९ साली ते आल्प्समधील मॉन्टे रोझा पर्वतावर पूर्वेच्या बिकट बाजूने चढून गेले होते. पोपपदावर आल्यानंतर १९२३ साली त्यांनी गिर्यारोहकांना एक आश्रयदाता संत दिला, तो मेंथोनचा संत बर्नार्ड. या संताची ख्याती शिखरे सर करण्याबद्दल नाही. आल्प्सच्या खिंडीत बर्फात अडकणाऱ्या वाटसरूंसाठी त्याने आश्रयस्थान उभारले, ही त्याची ओळख. डोंगर चढणाऱ्यांपुढे आदर्श ठेवला गेला तो इतरांना डोंगरातून वाचविणाऱ्याचा, याचा आम्हांला फार अर्थ वाटतो.

त्याच काळात इटलीतील तूरिन शहरात पियेर जॉर्जो फ्रासाती हा सधन घरातील तरुण मित्रांना घेऊन डोंगर चढत असे. आठवड्याचे इतर दिवस तो शहरातील गरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या खोल्यांचे जिने चढत असे, आणि त्याचा घरच्यांना फारसा पत्ताही नसे. ४ जुलै १९२५ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याला मृत्यू आला. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेले गोरगरीब पाहून त्याच्या आईवडिलांना आपला मुलगा खरा कोण होता हे कळले. १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले. डोंगराने त्याला मारले नाही. ज्या जिन्यांवरून बहुतेक सुखवस्तू माणसे मागे फिरतात, ते चढण्याचे बळ त्याच्या पायांत होते, एवढे मात्र दिसते.

शिबिरातून परतलेल्या मुलाची परीक्षा अशीच घ्यावी. तो किती उंचीवरून उतरला हे विचारू नये. आजारी आजोबांच्या उशाशी रात्री जागण्याची वेळ आली तर तो जागतो का, वर्गात दुबळ्या मुलाची टवाळी चालली असता तो उठून उभा राहतो का, हे पाहावे.

सोबत कोणाची?

आता त्या मामाकडे वळू. "मी आहे ना त्याच्याबरोबर" या वाक्यात काय काय सामावले आहे?

जुन्या करारातील तोबितच्या ग्रंथाची मांडणी जणू याच प्रश्नासाठी झाली आहे. आंधळा झालेला तोबित आपला एकुलता एक मुलगा तोबिया याला दूरच्या मेदिया देशी ठेव आणण्यासाठी पाठवितो. वाट लांबची आणि असुरक्षित. सोबतीला एक तरुण मिळतो. तो आपण तोबितच्याच नात्यातला असल्याचे सांगतो. तो वास्तविक राफाएल देवदूत असतो, पण हे कोणालाच ठाऊक नसते. या कथेतील तीन गोष्टी आम्हांला पालकांच्या नजरेस आणाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की तोबित चौकशी करतो. तू कोणत्या कुळाचा, कोणत्या घराण्याचा, हे तो विचारतो, आणि वाट माहीत आहे का याची खात्री झाल्यावरच मजुरी ठरवितो. भक्तिमान माणसाने देवावर भार टाकला, पण चौकशी टाळली नाही. साक्षात देवदूताची जर अशी चौकशी होऊ शकते, तर शिबिराच्या चालकांची करण्यात कसला संकोच? प्रशिक्षक कोण आहेत, त्यांनी शिक्षण कोठे घेतले, किती मुलांमागे किती प्रशिक्षक आहेत, दोर आणि शिरस्त्राणे कोणत्या स्थितीत आहेत, जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हवामान बिघडले तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सारे विचारलेच पाहिजे. आपल्या राज्य शासनाने २०१८ साली अशा उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले आणि २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी आवश्यक ठरविली. नोंदणी दाखविण्यास जो खळखळ करतो, त्याच्या हाती मूल देऊ नये.

दुसरी गोष्ट : मुलगा निघाला तेव्हा त्याची आई हन्ना रडली. धर्मग्रंथाने तिच्या अश्रूंना अश्रद्धा म्हटलेले नाही. तोबितने तिला धीर दिला, पण मुलाला परत बोलावले नाही. भगिनींनो, भय वाटणे हे पाप नव्हे. भय तुम्हांला चौकशी करायला लावते, तोवर ते विवेकाचे साहाय्यक असते. ते मुलाचे पाय बांधू लागले, म्हणजे मात्र त्याला आवर घालावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. तैग्रीस नदीच्या काठी तोबिया पाय धुण्यास उतरतो, तोच एक मोठा मासा उसळून त्याचा पाय गिळू पाहतो. राफाएल काय करतो? तो स्वतः माशावर झडप घालीत नाही. तो तोबियाला सांगतो, की मासा पकड आणि सोडू नकोस. तोबिया घाबरलेला असतो, तरी तो माशाला धरून काठावर ओढून आणतो. मासा किती बळाने झटके देतो हे आमच्या किनाऱ्यावरील लोकांना सांगायला नको. देवदूताला ते काम क्षणाचे होते. पण त्याने ते केले असते तर तोबिया वाचला असता आणि तोबियाच राहिला असता. देवदूत इतका जवळ होता, की त्याचा शब्द ऐकू यावा, आणि इतका दूर होता, की हात मुलाचेच लागावेत. याच माशाच्या पित्ताने पुढे त्याच्या पित्याची दृष्टी परत आली. मुलाने वाटेवर कमावलेले बळ घरी येऊन आंधळ्या बापाच्या उपयोगी पडले.

सोबतीचा धर्म तो हाच. भाच्याबरोबर जाणाऱ्या मामाला दोन मोह पडतात. एक मोह असतो भाच्यासमोर शौर्य गाजविण्याचा, दुसरा असतो भाच्याचे ओझे स्वतःच्या पाठीवर घेण्याचा. पहिल्याने मूल धोक्यात येते, दुसऱ्याने ते आहे तेथेच राहते. आणि सोबत आहे असे नुसते गृहीत धरणेही पुरत नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहिला, तेव्हा तो नातलगांच्या मेळ्यात असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले होते. पवित्र कुटुंबाचीही जर अशी गैरसमजूत होऊ शकली, तर 'तो मामाच्या बरोबर असेल' आणि 'तो प्रशिक्षकांच्या बरोबर असेल' या दोन समजुतींच्या मधल्या फटीत आपले मूल निसटू नये, याची काळजी घेणे हे मामाचे पहिले काम आहे.

नात्याची ही सोबत साहसाच्या इतिहासातही आढळते. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी बालवीरांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, तेव्हा त्यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्ड त्यात होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेन्झिंग नोर्गे यांचा तरुण भाचा नवांग गोंबू हा शेर्पांच्या तुकडीत होता. मामाने त्याला खांद्यावरून शिखरावर नेले नाही. भाच्याने साउथ कोलपर्यंत ओझी वाहिली आणि मामा पुढे गेला. दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, गोंबू स्वतःच्या पायांनी शिखरावर उभा राहिला, आणि १९६५ मध्ये पुन्हा एकदा, भारतीय मोहिमेबरोबर.

पोप दुसरे जॉन पॉल तरुण धर्मगुरू असताना विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर होड्या वल्हवीत जात. पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूने तरुणांचा मेळा घेऊन हिंडणे धोक्याचे होते, म्हणून मुले त्यांना 'वुयेक' म्हणत. वुयेक म्हणजे मामा. १९५८ च्या उन्हाळ्यात ते अशाच एका होडीच्या सहलीवर असताना त्यांना बिशपपदाच्या नेमणुकीसाठी वॉर्साला बोलावणे आले. रक्ताचे नाते नसतानाही जो सोबत करतो तो मामा, असा त्या हाकेचा अर्थ. आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींनी हे मनावर घ्यावे. ज्या मुलांच्या आईबापांना शिबिराचे शुल्क परवडत नाही, ज्या मुलींना केवळ मुलगी म्हणून घरी ठेवले जाते, त्यांनाही एखाद्या वुयेकची वाट दाखविण्याची गरज आहे. त्यासाठी हिमालयच लागतो असे नाही. रत्नागिरीच्या मुलांना रत्नदुर्गाची चढण आणि मिरकरवाड्याच्या तांडेलाने सांगितलेली दोन शब्दांची समुद्राची ओळख, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो.

आणि काही झाले तर?

आईचा शेवटचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. सर्व काळजी घेऊनही काही झाले तर? असे होऊ शकते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा शिखराजवळ हिमस्खलन झाले आणि नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक दगावले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेली सविता कंसवाल ही तरुण प्रशिक्षकही होती. ही काही चार दिवसांत उभी राहिलेली संस्था नव्हे. १९६५ पासून ती देशातील तरुणांना घडवीत आली आहे. मिरकरवाड्यातील अनुभवी दर्यावर्द्यांच्या घरीही समुद्राने नेलेल्यांची आठवण असते. देवावरील श्रद्धा म्हणजे अपघाताचा विमा नव्हे. ज्याने हन्नाचा मुलगा परत आणला, त्यानेच मरियेचा मुलगा क्रूसावर जाऊ दिला. आणि या दोन्ही माता त्याच्याच होत्या.

म्हणून आईने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारायचा प्रश्न 'काही झाले तर?' हा नाही, कारण त्याचे उत्तर कोणत्याही मनुष्याजवळ नाही. तिने एवढेच विचारावे : चौकशी केली का? हेतू चांगला आहे का? सोबत खरी आहे का? मुलाची स्वतःची इच्छा आहे, की बापाच्या किंवा मामाच्या हौसेसाठी त्याला ढकलले जात आहे? मुलाने नको म्हटले, तर त्याला हसणार नाही ना? या प्रश्नांची प्रामाणिक होकारार्थी उत्तरे देता आली, तर मुलाला पाठविणे हे पाप नव्हे. आणि दुर्दैवाने काही वाईट घडलेच, तर ते दुःख असेल, अपराध नव्हे. या दोहोंत फार अंतर आहे. निष्काळजी माणसाचे दुःखही अपराधाने कलंकित होते. ज्याने आपले कर्तव्य केले, त्याचे दुःख प्रभूच्या चरणी ठेवता येते. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर त्या वर्षी मुलाला घरी ठेवण्यात कोणतीही भीरुता नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेली नौका भित्री नसते.

त्या ताईने भावाकडून एवढे वचन मात्र जरूर घ्यावे, की मासा उसळून आला तर तो पळून जाणार नाही आणि मध्येही पडणार नाही. काठावर उभा राहून भाच्याला सांगेल, की धर, सोडू नकोस. मग मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी आणि त्याला जाऊ द्यावे.